रखरखीत ऊन, राबणारी गरोदर बाई आणि येणारे बाळ



आज बियाणे, खत किंवा फवारणी यांबद्दल बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते आपल्याच घरातल्या, आपल्याच बांधावरच्या एका माणसाबद्दल. ते माणूस म्हणजे दिवस गेलेली आणि तरीही शेतात राबणारी बाई. लेक असेल, सून असेल, नाही तर रोजाने कामाला येणारी बाई असेल. चैत्र-वैशाखाच्या उन्हाने तिच्या पोटातल्या बाळाचे काय होते, आणि ते टाळण्यासाठी घरात व शेतात काय करता येईल, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, "साहेब, हा विषय डॉक्टरांचा. शेतीखात्याच्या माणसाला यातले काय कळते?" बरोबर आहे. औषधोपचार डॉक्टरांनीच सांगायचा. पण बाईने किती वाजता खुरपे हातात घ्यायचे, किती वाजता ठेवायचे, डोक्यावर किती ओझे घ्यायचे, शेतात सावली आणि पाणी असायचे की नाही, हे दवाखान्यात ठरत नाही. ते शेतात ठरते, आणि ठरवणारे तुम्ही आहात. म्हणून हा विषय शेतीच्या कार्यक्रमात घेतला आहे.

गोठ्यातला अनुभव आठवा

गाभण गाईची काळजी कशी घ्यायची हे तुम्हांला सांगावे लागत नाही. विण्याच्या आधी दोन महिने आपण तिचे दूध आटवतो. तिला धावडवत नाही, उन्हात बांधत नाही, पाण्याला कमी पडू देत नाही. का? कारण त्या दोन महिन्यांत पोटातले वासरू झपाट्याने वाढते, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात याच गोष्टीवर बरीच वर्षे प्रयोग झाले. आटवलेल्या गाभण गाईंचे दोन गट केले. एका गटाला सावली, पंखे आणि पाण्याचे फवारे दिले, तर दुसऱ्या गटाला फक्त सावली दिली. उकाड्यात राहिलेल्या गाई काही दिवस आधीच व्याल्या. त्यांची वासरे वजनाला ४ ते ५ किलोंनी कमी भरली. चिकातून मिळणारी रोगप्रतिकारक शक्ती त्या वासरांच्या अंगी कमी उतरली. त्यांतल्या कालवडी मोठ्या होऊन व्याल्या, तेव्हा पहिल्या वेतात त्यांनी दिवसाला सुमारे ५ लिटर दूध कमी दिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तर हा परिणाम त्या कालवडींच्या पोटच्या पिढीपर्यंत दिसला. म्हणजे ऊन लागले आजीला आणि तोटा झाला नातीला.

बाईची आणि गाईची बरोबरी करण्यासाठी हे सांगत नाही. सांगायचे एवढेच की, जी गोष्ट गोठ्यात आपल्याला चटकन कळते, ती घरात मात्र नजरेतून सुटते. गाभण गाय सावलीला बांधलेली असते आणि सातव्या महिन्यातली बाई भर दुपारी धसकटे वेचत असते. हे चित्र बदलायला हवे.

उन्हाने पोटातल्या बाळाला काय होते?

माणसाचे शरीर तापले की ते दोन उपाय करते. एक, घाम काढते. दोन, आतले रक्त कातडीकडे पाठवते, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते. गरोदर बाईच्या अंगात मुळातच उष्णता जास्त तयार होते, कारण दोन जिवांचा संसार एका देहात चाललेला असतो. वजन वाढलेले असते, हृदयाला काम जास्त असते. बाळाचे शरीर आईपेक्षा सुमारे अर्धा अंश गरम असते, आणि ती उष्णता बाहेर टाकण्याचे कामही आईलाच करावे लागते.

अशी बाई कडक उन्हात वाकून काम करू लागली की रक्त कातडीकडे आणि हातापायांच्या स्नायूंकडे वळते, वारेकडे जाणारे रक्त कमी पडते. वार म्हणजे बाळाची शिदोरी. बाळाला अन्न आणि प्राणवायू तिच्यातूनच मिळतो. पाटाचे पाणी वरच कुणी वळवून घेतले तर टोकाच्या वाफ्याचे जे होते, तेच इथे होते. वाफा कोरडा पडतो, रोप खुरटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. कडक उन्हात कष्टाचे काम करताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तेवढे पाणी पोटात गेले नाही तर रक्त घट्ट होते, लघवी कमी आणि गडद होते, मूत्रमार्गाला जंतुदोष होण्याचा संभव वाढतो, आणि पिशवीला अवेळी कळा सुरू होऊ शकतात. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचे हे एक कारण आहे.

तिसरी गोष्ट अगदी सुरुवातीच्या दिवसांची. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. त्या काळात आईच्या अंगात ३९ अंशांच्या वर ताप किंवा उष्णता चढणे बाळाला घातक ठरू शकते. पुष्कळदा त्या वेळी बाईला दिवस गेल्याचे समजलेलेही नसते. म्हणून पाळी चुकली की लगेच तपासणी करावी आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. बाळाची आस असणाऱ्या नव्या जोडप्याने तर ती आधीपासूनच डॉक्टरांना विचारून घ्यावी.

हे नुसते अंदाज नाहीत

२०२० साली २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, आणि उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत तो सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसून आले. कमी वजनाची बाळे आणि मृत जन्म यांचाही उष्णतेशी संबंध आढळला.

पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा छोटा देश आहे. तिथे स्वतःच्या शेतात राबणाऱ्या ९२ गरोदर बायकांची तपासणी कामाच्या वेळीच करण्यात आली. उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की बाळाची तगमग, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांत किंवा नाळेच्या रक्तप्रवाहात होणारा बिघाड, १७ टक्क्यांनी वाढत होता. आई "मला काही होत नाही" म्हणत असली तरी बाळाला त्रास सुरू झालेला असू शकतो, ही त्यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट.

आपल्या देशातला दाखला घ्या. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत शेतावर, वीटभट्टीवर, मिठागरांत काम करणाऱ्या बायका होत्या. कडक उष्णतेत काम करणाऱ्या बायकांमध्ये गर्भपात व मृत जन्म यांचा धोका इतर बायकांच्या मानाने दुप्पट आढळला.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातला दाखला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. या बायका शेतकरी कुटुंबांतल्याच होत्या. ज्यांच्यावर शेतकाम, पाणी भरणे अशा कष्टांचा भार जास्त, त्यांची बाळे आकाराने व वजनाने लहान आढळली. उलट ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे चांगली भरली. शेतीच्या हंगामाप्रमाणे बाईचे कष्ट आणि खाणे बदलते, आणि त्याची खूण बाळाच्या अंगावर उमटते, हेही या अभ्यासात दिसले. म्हणजे आपल्या पेरणी-काढणीचे वेळापत्रक आणि पाळण्यातल्या बाळाचे वजन यांचा थेट संबंध आहे.

अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे बाळ म्हणजे कमी वजनाचे बाळ, आणि ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे. अशा बाळाला दूध ओढायला ताकद नसते, अंगाची ऊब टिकत नाही, जंतुदोष लवकर होतो. पुढे वाढीतही ते मागे राहण्याचा संभव असतो.

शेतात काय करावे?

कामाची वेळ बदला. उन्हाळ्यात कामाला सकाळी सहाला सुरुवात करावी आणि साडेदहा-अकराला थांबावे. राहिलेले काम साडेचारनंतर करावे. दुपारी बारा ते चार गरोदर बाईने शेतात असू नये, मग काम कांदा काढणीचे असो, पऱ्हाट्या उपटण्याचे असो की धसकटे वेचण्याचे.

कामाची निवड बदला. वाकून, ओझे उचलून किंवा आगीजवळ करायचे काम तिला देऊ नये. हिंगोली, सांगली या भागांत मार्च-एप्रिलमध्ये हळद शिजवतात. वरून ऊन, खालून जाळ आणि अंगावर वाफ, अशा जागी गरोदर बाईने थांबूच नये. तिला सावलीत बसून करायचे काम द्यावे. कांद्याची प्रतवारी, शेंगा फोडणे, धान्य निवडणे अशी कितीतरी कामे आहेत. मात्र औषध लावलेले बियाणे हाताळणे, फवारणीचे पाणी भरून देणे, औषधाचे डबे किंवा फवारणीचे कपडे धुणे ही कामे तिला मुळीच देऊ नयेत. उन्हाने घामेजलेल्या कातडीतून विषारी औषध अंगात जास्त जिरते.

उक्त्या कामाचा विचार करा. रोजंदारीत बाई घटकाभर बसू शकते. उक्त्यात टोळीतल्या बाकीच्या बायकांचे नुकसान होईल म्हणून ती बसत नाही, पाणी प्यायलाही थांबत नाही. ऊसतोडीच्या टोळीत तर नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो. बाई थांबली की कोयता थांबला. अशा ठिकाणी मुकादमाने आणि बागाईतदाराने आधीच ठरवून घ्यावे की, टोळीतल्या गरोदर बाईला मोळी डोक्यावर देऊन गाडी भरायला लावायचे नाही आणि दुपारी तिला सावलीत बसू द्यायचे.

सावली आणि पाणी ही मालकाची जबाबदारी माना. बांधावर झाड नसेल तर चार मेढी रोवून वर तुराट्या किंवा जुने शेडनेट टाकले की मांडव होतो. त्यात पाण्याचा माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा. तहान लागेपर्यंत थांबू नये. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे.

आता एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ बायका शेतात असताना मुद्दाम पाणी पीत नाहीत. का? तर लघवीला जायला आडोसा नसतो. त्या लाजेपोटी सांगत नाहीत आणि पुरुषांच्या ध्यानात येत नाही. बांधाच्या कोपऱ्यात तुराट्यांचा किंवा गोणपाटांचा तीन बाजूंचा आडोसा उभा करायला तासभरही लागत नाही. एवढे केले तरी पाणी पिण्याचा निम्मा प्रश्न सुटतो. ज्याच्या रानात बायका कामाला येतात त्याने हे या आठवड्यातच करावे.

हवामानाचा अंदाज तिच्यासाठीही पाहा. फवारणीसाठी, काढणीसाठी आपण अंदाज ऐकतो. हवामान खाते जिल्ह्यावार पिवळा, नारिंगी आणि लाल असा इशारा देते. मोबाईलवर 'मेघदूत' ॲपमध्ये दर मंगळवारी व शुक्रवारी शेतीचा सल्ला मिळतो. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी गरोदर बाईने शेतात जाऊ नये, असा घराचा नियमच करावा. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढला की हवामान खाते लाट धरते. किनारपट्टीला हीच मर्यादा ३७ अंशांची आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणून कोकणातल्या मंडळींनी "आमच्याकडे कुठे विदर्भासारखे ऊन?" असे म्हणून निर्धास्त राहू नये.

मजुरी बुडते, त्याचे काय?

हा प्रश्न खरा आहे. हातावर पोट असणाऱ्याला "घरी बस" म्हणणे सोपे, पण घरी बसून चूल कशी पेटायची? थोडा हिशेब करू. समजा एका उन्हाळ्यात लाटेचे आठ दिवस आले आणि त्या दिवसांत बाईने सकाळच्या वेळेचेच अर्धे काम केले. म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. आता दुसरी बाजू पाहा. बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पंधरा-वीस दिवस ठेवावे लागले, तर तेवढे दिवस आईचा आणि सोबतच्या माणसाचा खाडा होतो. जाण्या-येण्याचा खर्च वेगळा, आणि बाळाच्या जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या रानात नेहमी येणाऱ्या बाईला अशा वेळी सकाळच्या चार तासांचे काम देऊन पुरी मजुरी दिली, तर वर्षाच्या हिशेबात ती रक्कम फार मोठी होत नाही. ती बाई पुढेही तुमच्याच रानात कामाला येणार आहे. आपल्याकडे इर्जिकीची पद्धत होती. अडल्या घराचे काम गावाने मिळून उरकायचे. आवतातल्या बायकांनी, बचत गटाने ठरवले तर गरोदर मैत्रिणीच्या वाट्याच्या दोन ओळी बाकीच्यांना जड जाणार नाहीत.

सरकारी मदतही घ्यावी. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. यासाठी लवकर नोंदणी लागते. आशाताई किंवा अंगणवाडीताई अर्ज भरून देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. ९ तारखेला बाईला कामावर बोलावू नये, हेही मालकांनी ध्यानात ठेवावे.

घरात काय करावे?

शेतातून आलेली बाई घरी आली की विसावा घेते का? नाही. ती पत्र्याखाली चुलीपुढे बसते. म्हणून घराचाही विचार हवा.

अहमदाबादच्या एका सरकारी रुग्णालयाची हकिकत सांगतो. २०१० च्या मे महिन्यात तिथे भयंकर लाट आली. बाळंतिणींचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, डांबर लावलेल्या काळ्या छताखाली होता. उष्णतेने आजारी पडणाऱ्या तान्ह्या बाळांची संख्या वाढली. पारा ४२ च्या वर गेल्यावर प्रत्येक अंशाला अशी बाळे ४३ टक्क्यांनी वाढत होती. मग तो विभाग खालच्या मजल्यावर हलवला. यंत्र नाही की औषध नाही, नुसती जागा बदलली, आणि उष्णतेने दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण पुष्कळच खाली आले. त्याच शहराने पुढे २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला.

यातून आपण काय घ्यायचे? छत थंड ठेवा. पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना मारा. खालच्या बाजूने बांबूची तट्टी किंवा गोणपाटाचे छत लावा. पत्र्यावर पाचट टाकायचे तर चुलीच्या धुराड्यापासून दूर टाका, नाही तर आगीचे भय. गरोदर बाईची आणि बाळंतिणीची खाट घरातल्या सगळ्यात थंड, वारा खेळत्या जागी टाका. स्वयंपाक सकाळी लवकर उरकून घ्या, आणि दुपारची चूल दुसऱ्या कुणी तरी सांभाळा.

पाण्याच्या हंड्याचा विचार करा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर भांड्याचे वजन. टंचाईच्या दिवसांत अशा चार खेपा उन्हातून होतात. हे काम गड्यांनी करावे. सायकलला कॅन बांधून आणा, गाडीवर टाकी आणा. पुरुषाने पाणी आणले तर त्यात कमीपणा नाही.

खाण्यापिण्यात ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, नाचणीची आंबील, ज्वारीची भाकरी, डाळ, मेथी-पालक-शेवग्याचा पाला, शेंगदाणे-गूळ, मिळेल ते फळ आणि रोज दूध असावे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आरोग्यसेविका सांगतील तशा घ्याव्यात. रक्तदाब वाढलेला असेल तर मीठ घातलेली पेये डॉक्टरांना विचारून घ्यावीत. वटपौर्णिमा असो की दुसरे कोणते व्रत, गरोदरपणी निर्जळी उपवास करू नये.

घरातल्या सासूबाई, आत्या, मावशी यांना एक विनंती. "आमच्या वेळी आम्ही बाळंत होईपर्यंत खुरपत होतो," असे आपण म्हणता, आणि ते खोटे नाही. पण त्या वेळी किती पाळणे रिकामे राहिले, किती बाळे हाताला लागली नाहीत, हेही आपल्यालाच ठाऊक आहे. ते दुःख सुनेच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिची दुपारची झोप आपणच राखावी.

बाळ जन्मल्यावर

उन्हाळ्यात बाळाला चार-चार दुपटी, टोपडे, झबले यांत बांधून ठेवू नका. एक सुती झबले पुरे. बाजेखाली शेगडी ठेवून शेकण्याची चाल काही घरांत आहे. वैशाखात ती बाळाला आणि बाळंतिणीला दोघांनाही धोक्याची आहे. जन्मल्याबरोबर, पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या. पहिले पिवळे, घट्ट दूध टाकून देऊ नका, तीच बाळाची पहिली लस. सहा महिने वरचे पाणी, मध, घुटी काही नको. उन्हाळ्यातही आईच्या दुधातून बाळाला पुरेसे पाणी मिळते. मात्र आईने भरपूर पाणी प्यायला हवे.

थंडीत याच्या उलट. कमी वजनाचे बाळ मार्गशीर्ष-पौषात पटकन गार पडते. त्याला लवकर न्हाऊ-माखू घालू नका. डोक्याला टोपडे, पायांत मोजे घाला आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. या पद्धतीची सुरुवात १९७८ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात झाली, कारण तिथे बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडत होत्या. आईच्या छातीची ऊब हीच पेटी ठरली. वडिलांनी असे धरले तरी चालते.

खेड्यात हे सारे जमते का? जमते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. १९९५ ते १९९८ या काळात तिथला नवजात बालमृत्यूचा दर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. आज आशाताई आपल्या घरी बाळाला पाहायला येतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. त्या आल्या तर बाळ तोलून घ्या.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द

अतिवृष्टीतला मोठा धोका रस्ता बंद होण्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पुराने गावेच्या गावे वेढली. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून ज्या बाईची तारीख पावसाळ्यात आहे, तिला पंधरा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातलगाकडे नेऊन ठेवावे. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत यासाठी 'माहेरघर' आहे. तपासणीचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. पुराचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, आणि मच्छरदाणी वापरावी.

लक्षात ठेवा

१) बाळाची हालचाल कमी वाटणे, पोट वरचेवर कडक होणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अंगात ताप असून घाम थांबणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, यांपैकी काहीही झाले तर काम तिथेच थांबवा.

२) बाईला सावलीत डाव्या कुशीवर निजवा. कपडे सैल करा. मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने पुसत राहा आणि वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका.

३) जलसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा.

४) गाडीसाठी १०८ किंवा १०२ क्रमांक फिरवा. दोन्ही सेवा मोफत आहेत.

५) तान्हे बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग फार तापलेले किंवा गार लागत असेल, चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, तर रात्र काढू नका, लगेच दवाखान्यात न्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, रोपवाटिकेत रोप जोमदार असले तर पुढचे अर्धे पीक हाती आले असे आपण म्हणतो. माणसाची रोपवाटिका म्हणजे आईचे पोट. तिला सावली, पाणी आणि विसावा देणे यासाठी कर्ज काढावे लागत नाही, नुसते मनावर घ्यावे लागते. उद्या सकाळी रानात जाल तेव्हा आधी माठ भरा, मांडव घाला आणि मग कामाला लागा.